महायुद्धातल्या लाखो सबमशीन गन पुढे गेल्या कुठे?

बखरवाचक (धागाकर्ता)

नमस्कार. गेले काही महिने मी दुसऱ्या महायुद्धातील पायदळाच्या शस्त्रांविषयी वाचतो आहे आणि वाचता वाचता एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. ब्रिटिशांची स्टेन, अमेरिकनांची थॉम्पसन, जर्मनांची एमपी ४०, सोव्हिएत पीपीएसएच ४१ या बंदुका कशा जन्माला आल्या आणि कोणत्या लढाईत गाजल्या, याविषयी पानेच्या पाने लिहिलेली सापडतात. १९४५ साली तोफा थंडावल्यावर त्यांचे काय झाले, हे मात्र एखाद्या ओळीत उरकलेले असते. एकट्या स्टेनचा आकडा ४० लाखांच्या घरात जातो, पीपीएसएच ४१ तर ५० लाखांहून अधिक तयार झाल्या. एक कोटीहून अधिक बंदुका काही हवेत विरून जात नाहीत.

माझे प्रश्न असे आहेत. युद्धानंतर या बंदुका वितळवल्या गेल्या, विकल्या गेल्या की कोठारांत पडून राहिल्या? इतक्या उपयुक्त ठरलेल्या शस्त्राचा सैन्यांनी पुढे त्याग का केला? आणि आज त्यांतली एखादी शाबूत बंदूक समोर आली, तर तिचा पूर्वेतिहास तिच्यावरून वाचता येतो का? सीरियाच्या यादवीत २०१२ साली जर्मन बनावटीच्या हजारो महायुद्धकालीन ‘सबमशीन गन’ एका कोठारात सापडल्याचे वाचले होते, त्याविषयीही जाणकारांनी सांगावे. मराठीत कोणत्याही आखूड स्वयंचलित बंदुकीला सर्रास स्टेनगन म्हटले जाते, त्यामुळे वाचताना माझाही गोंधळ होतो. संज्ञांची चूक झाली असल्यास निःसंकोच दुरुस्त करावी.

रणरेषा

बखरवाचक, सुरुवात तुमच्या शेवटच्या मुद्द्यापासून करतो, कारण संज्ञेत तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. सबमशीन गन म्हणजे पिस्तुलाचे काडतूस झाडणारी, खांद्याला लावून वापरायची स्वयंचलित बंदूक. सीरियात सापडलेल्या बंदुका एसटीजी ४४ होत्या आणि त्यांचे काडतूस पिस्तुलाचे नव्हते. ते रायफलच्या काडतुसापेक्षा आखूड, पण पिस्तुलाच्या काडतुसापेक्षा बरेच जोरकस असे मधल्या ताकदीचे, ७.९२ मि.मी. मापाचे काडतूस होते. म्हणजे ज्या जातीच्या बंदुकीने सबमशीन गनला सैन्यातून बाहेर काढले, तिचीच ती पहिली पिढी होती.

पिस्तुलाचे काडतूस दुबळे असते, आणि या शस्त्राचे बलस्थान नेमके त्यातच होते. जड बोल्ट, म्हणजे बंदुकीच्या आत मागेपुढे सरकणारा पोलादी ठोकळा, मागे अडवलेला असतो, घोडा दाबला की स्प्रिंग त्याला पुढे लोटते, जाता जाता तो मॅगझिनमधले (काडतुसांच्या पेटीतले) काडतूस नळीत सारतो आणि फोडतो, आणि स्फोटाचा धक्का त्याच बोल्टला पुन्हा मागे ढकलतो. काडतूस दुबळे असल्यामुळे बोल्टला कुलूपबंद करणारी गुंतागुंतीची रचना लागत नाही. त्याचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावर भागते. त्यामुळे ही बंदूक पत्रा दाबून, नळकांडी कापून आणि वेल्डिंग करून झटपट तयार करता येते. सोव्हिएत आकडे पाहिले म्हणजे हे नीट ध्यानात येते. जॉर्जी श्पागिन यांच्या पीपीएसएच ४१ साठी यंत्रांवरचे ७.३ तासांचे काम आणि १३.९ किलो धातू लागत असे; पुढे लेनिनग्राडच्या वेढ्यात अलेक्सेई सुदायेव यांनी सिद्ध केलेल्या पीपीएस ४३ ला २.७ तास आणि ६.२ किलो धातू पुरला. उपासमारीने गांजलेल्या त्या शहरात वाचलेला प्रत्येक तास आणि प्रत्येक किलो किती मोलाचा होता, हे वेगळे सांगायला नको. सुदायेव १९४६ साली वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारले. या विषयावर लिहिताना त्यांचे नाव बहुधा श्पागिन यांच्या सावलीत राहते, याची मला नेहमी खंत वाटते.

ज्या दुबळ्या काडतुसामुळे बंदूक स्वस्त झाली, त्यानेच तिची मर्यादाही आखून दिली. शंभर-दीडशे मीटरच्या पुढे तिचा भरवसा नसे. घराघरांतून, खंदकांतून, जंगलातल्या चार हातांच्या अंतरावरून लढताना तिला तोड नव्हती, पण मोकळ्या मैदानात रायफलवाला तिला सहज दूर ठेवू शके. युद्ध संपले तेव्हा मधल्या ताकदीच्या काडतुसाची कल्पना सर्वांसमोर आलेली होती. १९४९ साली सोव्हिएत सैन्याने ७.६२×३९ काडतुसाची कलाश्निकोव्ह स्वीकारली आणि एकच शस्त्र दोन्ही कामे करू लागले. सोव्हिएत पायदळातून पीपीएसएच हळूहळू बाहेर पडली ती या कारणाने. तिच्यात काही खोट निघाली म्हणून तिला काढले, असा समज कुठे कुठे आढळतो. तो बरोबर नाही.

कोठीवाला

रणरेषा यांनी सैन्यांनी ही बंदूक का सोडली ते सांगितले. सोडल्यावर ती कुठे गेली, ते मी सांगण्याचा प्रयत्न करतो.

वितळवल्या गेल्या का, तर हो, पुष्कळ वितळवल्या गेल्या, विशेषतः पराभूत राष्ट्रांच्या. परंतु युद्ध संपल्यावर जगातली निम्मी राज्ये नव्याने उभी राहत होती, त्यांची सैन्ये आणि पोलीस दले रिकाम्या हातांनी उभी होती आणि आयती मिळणारी बंदूक कोणी भट्टीत घालायला तयार नव्हते. नॉर्वेत १९४५ च्या मे महिन्यात तीन लाखांहून अधिक जर्मन सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. ज्या सैन्याने देश पाच वर्षे टाचेखाली ठेवला, त्याच सैन्याच्या एमपी ४० नॉर्वेच्या दलांनी तेलपाणी करून पुढे कित्येक दशके वापरल्या.

चीनमधली हकिगत याहून विलक्षण आहे. अमेरिकेने राष्ट्रवादी सरकारला थॉम्पसन पुरवल्या, कॅनडाने स्टेन पाठवल्या. यादवीत राष्ट्रवादी हरले तेव्हा त्यांची कोठारे कम्युनिस्ट सैन्याच्या हाती पडली आणि १९५० नंतर कोरियात अमेरिकन सैनिकांवर त्याच थॉम्पसन रोखल्या गेल्या. त्याच युद्धात समोरून पीपीएसएचची चिनी आणि उत्तर कोरियन रूपेही येत होती. चिनी नकलेला टाईप ५० म्हणत. ती पुढे व्हिएतनामला पोहोचली, आणि तिथल्या कारागिरांनी तिचा लाकडी दस्ता काढून सरकता तारेचा दस्ता बसवला, नळीवरचे आवरण आखूड केले आणि तिला के-५०एम असे नवे नाव मिळाले. एक आराखडा, तीन देश आणि तीन युद्धे, असा हा वीस-पंचवीस वर्षांचा प्रवास आहे.

काही बंदुका मात्र ज्या सैन्यासाठी बनल्या, त्याच्याच सेवेत राहिल्या. अमेरिकेची एम ३, जिला तिच्या आकारामुळे सैनिक ‘ग्रीज गन’ म्हणत, ती मोटारींचे दिवे बनवणाऱ्या कारखान्यात, जनरल मोटर्सच्या गाईड लॅम्प विभागात, पत्रा दाबून तयार झाली. थॉम्पसनला स्वस्त पर्याय म्हणून १९४२ च्या अखेरीस स्वीकारलेली ही बंदूक रणगाड्यांच्या चालकदलांकडे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत होती. तिच्या एम ३ए१ या सुधारित रूपाला बोल्ट मागे ओढायची मूठच नाही. बोल्टमध्ये एक खळगा आहे, त्यात बोट घालून तो मागे ओढायचा, आणि वरचे झाकण मिटले की तोच सुरक्षेचा खटका. इतका साधेपणा पाहून मी पहिल्यांदा थक्क झालो होतो. रणगाड्याच्या पोटात जागा नसते आणि आखूड, जाड, कशालाही न अडकणारी बंदूक तिथे हवी असते, म्हणून ती टिकली. फिलिपिन्सच्या नौदलाने तर २००० नंतर कोठारातल्या एम ३ बाहेर काढून, आवाज दाबणारी नळी बसवून पुन्हा वापरात आणल्या.

स्वीडनच्या कार्ल गुस्ताफ एम/४५ विषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती महायुद्धाच्या अगदी अखेरीची. इजिप्तने ती परवान्यावर ‘पोर्ट सैद’ या नावाने बनवली आणि अमेरिकेच्या विशेष दलांनी व्हिएतनाममध्ये ती आवडीने वापरली. १९६६ साली स्वीडनने अमेरिकेला शस्त्रे देणे थांबवल्यावर तिच्या धर्तीवर स्मिथ अँड वेसन कंपनीने मॉडेल ७६ काढली.

दारूकोठार

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. तरीही मला वाटते की एक सूत्र त्यांतून निसटले आहे, आणि माझ्या मते बखरवाचक यांच्या पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यातच आहे. कोणती सबमशीन गन जगली आणि कोणती कोठारात गंजली, हे तिच्या गुणवत्तेपेक्षा तिचे काडतूस आसपास मिळते की नाही, यावर ठरले.

सोव्हिएत संघाला अमेरिकेने लाखाहून अधिक थॉम्पसन पाठवल्या. लाकूडकाम उत्तम, धातूकाम उत्तम, नेम चांगला. पण तिचे काडतूस पॉइंट ४५ मापाचे, आणि ते सोव्हिएत कारखान्यांत बनत नसे. परिणामी त्यांतल्या पुष्कळ बंदुका ग्रीज माखून पेटाऱ्यांत भरल्या गेल्या आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ तशाच पडून राहिल्या. शीतयुद्ध संपल्यावर त्या सुट्या भागांच्या रूपात बाहेर पडू लागल्या, तेव्हा अनेकांवर वापराचा ओरखडाही नव्हता. काही तर किनाऱ्यालाही लागल्या नाहीत. थॉमस डोनाल्डसन हे मालवाहू जहाज २० मार्च १९४५ रोजी कोला आखाताच्या तोंडाशी जर्मन पाणबुडीने बुडवले होते. २०१८ साली रशियाच्या उत्तरी नौदलाच्या गोताखोरांनी त्यातून थॉम्पसनचा पेटारा वर काढला. त्र्याहत्तर वर्षे बॅरेंट्स समुद्राच्या तळाशी राहूनही त्या ओळखू येण्याच्या स्थितीत होत्या.

याउलट, बंदूक आवडली आणि काडतूस मिळत नसले, तर लोकांनी बंदुकीलाच काडतुसाच्या मापात बसवले. जर्मनांना पूर्व आघाडीवर पीपीएसएच इतकी पसंत पडली, की हाती आलेल्यांपैकी काहींची नळी बदलून आणि एमपी ४० चे मॅगझिन बसेल असा जोड लावून त्यांनी ती ९ मि.मी. काडतुसाची केली. इंडोचीनमध्ये उलट दिशेने तेच घडले. फ्रेंचांची मॅट ४९ ही महायुद्धानंतरची, ९ मि.मी. ची बंदूक. फ्रेंच गेल्यावर ती व्हिएतनामी हातांत राहिली, पण पुरवठा चीन आणि सोव्हिएत संघाकडून ७.६२ मि.मी. टोकारेव्ह काडतुसाचा होऊ लागला. तेव्हा तिला लांब नळी बसवून तिचे काडतूस बदलण्यात आले. चीनमधल्या काही स्टेनही याच टोकारेव्ह काडतुसासाठी बदलल्या गेल्या. फिनलंडने सोव्हिएत पीपीएस ४३ चा आराखडा घेतला, पण आपली एम/४४ बनवताना तिला ९ मि.मी. चे काडतूस आणि आपल्याच सुओमी या बंदुकीचे मॅगझिन दिले, कारण कोठारात तेच भरलेले होते.

या संदर्भात रेहोवोतजवळची आयालोन संस्था मला फार महत्त्वाची वाटते. १९४५ ते १९४८ या काळात, ब्रिटिश अमलाखालील पॅलेस्टाईनमध्ये, एका किबुत्झच्या (ज्यूंच्या सामूहिक वसाहतीच्या) धुलाईघराखाली आणि बेकरीखाली तळघरात ज्यू भूमिगतांनी ९ मि.मी. काडतुसांचा कारखाना चालवला आणि वीस लाखांहून अधिक काडतुसे बनवली. स्टेन बनवणे त्यांना जड नव्हते. ती त्यांच्या छुप्या कार्यशाळांत तयार होत होती. अडत होते ते काडतुसाशी. धुलाईयंत्रांच्या गोंगाटात कारखान्याचा आवाज बुडावा अशी योजना होती. आज तिथे संग्रहालय आहे.

पोलंडच्या भूमिगत सैन्याचे उदाहरणही याच तर्काचे आहे. १९४३-४४ मध्ये त्यांनी ‘ब्लिस्काविका’ नावाची सबमशीन गन स्वतः घडवली. कुंपणाची जाळी विणणाऱ्या कारखान्याच्या आडोशाने सुमारे ७०० बंदुका तयार झाल्या. छोट्या कार्यशाळांत वेल्डिंगची सोय नसल्यामुळे भाग एकमेकांना आटे पाडून आणि स्क्रूने जोडले होते. काडतूस मात्र ९ मि.मी. चेच निवडले, कारण ते शत्रूकडून हिसकावता येत होते आणि विमानातून टाकल्या जाणाऱ्या स्टेनबरोबरही येत होते. वॉर्सा उठावात ही बंदूक प्रत्यक्ष लढली.

बखरवाचक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. एसटीजी ४४ विषयीची दुरुस्ती मान्य आहे. मी ती बंदूक उगाच सबमशीन गनमध्ये धरत होतो. काडतुसाचे सूत्र पटले, आणि त्यावरूनच दोन उपप्रश्न सुचतात.

पहिला असा की, अनेक पुस्तकांत स्टेनला हलक्या दर्जाची, ऐनवेळी दगा देणारी बंदूक म्हटलेले आढळते. मग ती इतकी वर्षे कशी टिकली? दुसरा असा की, सैनिकांनी युद्धातून घरी नेलेल्या बंदुकांचे काय झाले? अमेरिकेत थॉम्पसन खाजगी माणसांकडे असतात असे वाचतो, आणि त्यांची किंमत हजारो डॉलर सांगितली जाते. जी बंदूक सैन्याने टाकून दिली, ती इतकी महाग का व्हावी?

रणरेषा

स्टेनविषयी लिहितो, कारण तिच्यावर अन्याय होतो असे माझे मत आहे.

डंकर्कच्या माघारीत ब्रिटिश सैन्याने आपली बहुतेक अवजड शस्त्रे फ्रान्समध्ये सोडली आणि १९४० च्या उन्हाळ्यात आक्रमणाची धास्ती दारात उभी होती. थॉम्पसन विकत घ्यायची तर डॉलर मोजावे लागत आणि येणारी जहाजे अटलांटिकमध्ये बुडत होती. नौदलासाठी केलेली लँचेस्टर ही जर्मन एमपी २८ ची जवळपास हुबेहूब प्रत होती. तिचे मॅगझिन बसवायचे घर पितळेचे, तिला संगीन लावायची सोय, सगळे देखणे आणि सगळे खर्चिक. अशा वेळी शेफर्ड आणि टर्पिन या दोघांनी एनफील्डच्या कारखान्यात आखलेली, त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे आणि एनफील्डची पहिली दोन अक्षरे मिळून स्टेन हे नाव घेतलेली बंदूक १९४१ मध्ये आली. मार्क २ रूपात तिचे जेमतेम ४७ भाग होते आणि खर्च अडीच पौंडांच्या आसपास. मार्क ३ तर लाइन्स ब्रदर्स या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने तयार केली, कारण पत्रा दाबून वस्तू घडवण्याचे कसब त्यांच्याकडे तयार होते.

दोष होते, आणि त्यांतला मोठा दोष मॅगझिनचा होता. ३२ काडतुसे दोन रांगांत बसत, पण तोंडाशी येताना त्यांची एकच रांग होई, आणि तिथे थोडी जरी धूळ किंवा पोचा असला तरी काडतूस अडके. जाणते सैनिक त्यात ३२ ऐवजी २८ किंवा ३० च भरत. प्रागमध्ये २७ मे १९४२ रोजी योझेफ गाबचिक यांनी नाझी अधिकारी हायड्रिखच्या मोटारीसमोर स्टेन रोखली तेव्हा ती चालली नाही आणि यान कुबिश यांनी फेकलेल्या बाँबने काम केले, ही घटना स्टेनच्या नावाला कायमची चिकटली. उघड्या बोल्टच्या रचनेमुळे जमिनीवर आपटली तर ती आपोआप उडण्याचा धोकाही होता.

एवढे असूनही १९४४ च्या अखेरीस जर्मनीने, ज्या देशाची एमपी ४० स्टेनपेक्षा कितीतरी सुबक होती त्या देशाने, स्टेनची नक्कल करायला घेतली. माउझरने तिची इतकी बारकाईने प्रत बनवली की ब्रिटिश शिक्केसुद्धा उतरवले, आणि नंतर एमपी ३००८ नावाची, मॅगझिन खाली असलेली आणखी सोपी आवृत्ती निघाली. शत्रूच्या कारखानदारांनी याहून मोठी पावती काय द्यायची? मॅगझिनचा दोष ब्रिटिशांनी स्टर्लिंगमध्ये दूर केला. जॉर्ज पॅचेट यांनी ३४ काडतुसांच्या वक्र मॅगझिनमध्ये काडतुसे वर रेटणाऱ्या भागाला दोन लाट्या बसवल्या, त्यामुळे घर्षण घटले आणि अडकणे जवळजवळ थांबले. १९५३ साली स्वीकारलेली स्टर्लिंग ब्रिटिश सैन्यात चार दशके राहिली आणि कानपूरच्या कारखान्यात बनलेली तिचीच भावंडे ‘कार्बाईन’ या नावाने ओळखली जातात. मराठी बातम्यांत ‘स्टेनगन’ म्हणून जिचा उल्लेख येतो, ती पुष्कळदा ही स्टर्लिंग असते.

ऑस्ट्रेलियाच्या ओवेन गनला इथे विसरता येणार नाही. एव्हलिन ओवेन या तरुणाने सुचवलेल्या या बंदुकीचे मॅगझिन वरच्या बाजूला उभे असते, त्यामुळे माशी आणि नेम धरायची खूण एका बाजूला सरकवावी लागली आहे. दिसायला विचित्र, पण चिखल-वाळूच्या चाचण्यांत तिने थॉम्पसन आणि स्टेन दोघींना मागे टाकले. फक्त ४५,००० च्या आसपास तयार झाल्या, तरी न्यू गिनीपासून कोरियापर्यंत सैनिकांनी ती सोडली नाही.

कायदेकानू

खाजगी मालकी आणि किंमत यांविषयी सांगतो. यातले बरेचसे अमेरिकेच्या तीन कायद्यांनी ठरवले आहे.

१९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याने स्वयंचलित बंदुकांच्या नोंदणीची आणि प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर कराची अट घातली. त्या काळी हा कर जवळपास एका नव्या थॉम्पसनच्या किमतीएवढा होता. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी आणलेल्या एमपी ४० वगैरे बंदुकांपैकी अनेक नोंदणीशिवाय पेट्यांत आणि माळ्यांवर पडून होत्या. १९६८ च्या कायद्याबरोबर ३० दिवसांची सवलत मिळाली आणि त्या मुदतीत कोणतीही चौकशी न होता नोंद करता आली. त्यानंतर १९ मे १९८६ रोजी खाजगी व्यक्तींसाठी नव्या स्वयंचलित बंदुकांची नोंद कायमची बंद झाली. म्हणजे हस्तांतर करता येण्याजोग्या बंदुकांची संख्या त्या दिवशी गोठली, मागणी मात्र वाढत राहिली. आज नोंद असलेल्या थॉम्पसनसाठी हजारो-दशहजारो डॉलर मोजले जातात ते यामुळे. बंदुकीच्या पोलादाइतकीच, किंबहुना अधिक, तिच्या कागदाची किंमत आहे.

याची दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. एखाद्या कुटुंबाला आजोबांच्या पेटीत नोंद नसलेली बंदूक सापडली, तर ती आता नोंदवता येत नाही. ती पोलिसांच्या स्वाधीन करावी लागते आणि संग्रहालयाची वाट तिला मिळाली नाही, तर ती कापली जाते. तिच्याबरोबर ती कोणी, कुठे मिळवली याची आठवणही जाते.

ब्रिटनमध्ये मार्ग वेगळा आहे. १९८८ च्या कायद्याने निकामी केलेल्या बंदुकीची अधिकृत व्याख्या आली. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसने, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या अधिकृत संस्थेने, तपासून शिक्का मारला की ती बंदूक कायद्याने बंदूक उरत नाही. आधीच्या नियमांत आतले भाग बरेचसे हलत असत. १९९५ साली ते कडक झाले. पॅरिसमध्ये २०१५ साली झालेल्या हल्ल्यांनंतर युरोपीय संघाने एकच कठोर मापदंड आणला आणि एप्रिल २०१६ पासून तो लागू झाला. त्यानुसार बोल्ट आणि घोडा वेल्डिंगने जागीच जखडले जातात. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्य आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही अभ्यासकाच्या दृष्टीने यंत्राचा आतला भाग कायमचा बंद होतो, हे नुकसानही खरे आहे.

जतनकार

बखरवाचक यांच्या तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे बंदुकीवरून तिचा पूर्वेतिहास वाचता येतो का या प्रश्नाला, अजून कोणी हात घातलेला नाही. मी संग्रहातील धातूच्या वस्तूंच्या जतनाचे काम करतो आणि अशा काही निकामी केलेल्या बंदुका माझ्या टेबलावरून गेल्या आहेत, म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी एक पीपीएसएच ४१ साफसफाईसाठी आली. वरून ती काळपट मधासारख्या ग्रीजने माखलेली होती आणि ते ग्रीज इतके घट्ट झाले होते, की लाकडी पट्टीने खरवडावे लागले. धातूचे हत्यार अशा कामात वापरत नाहीत, कारण मूळ काळ्या मुलाम्यावर ओरखडा उठतो. ग्रीज निघाल्यावर पहिली गोष्ट दिसली ती अशी की, बोल्टवरचा क्रमांक विजेच्या लेखणीने कोरलेला होता, ठोकलेला नव्हता, आणि दस्त्याचे लाकूड आवरणाच्या मानाने फारच नवे होते. युद्धानंतर सोव्हिएत कार्यशाळांनी लाखो बंदुका उकलून, धड भाग एकत्र करून पुन्हा जुळवल्या, तेव्हा अशा खुणा उरतात. म्हणजे जी बंदूक १९४३ ची म्हणून समोर येते, ती बहुधा तीन-चार बंदुकांची मिळून झालेली असते. आपण ‘स्तालिनग्राडची बंदूक’ म्हणून काचेमागे जी पाहतो, तिच्याविषयी एवढी सावधगिरी बाळगावी.

नळीत दिवा धरून पाहिले तर आतून क्रोमचा मुलामा चकाकत होता. त्या काळच्या काडतुसांच्या धुरात क्षार असत आणि सैनिकाने त्याच दिवशी नळी धुतली नाही तर ती गंजे. क्रोममुळे हे टळले. बोल्टच्या मागे धक्का झेलण्यासाठी दाबलेल्या फायबरची एक जाड चकती असते, ती मात्र बोट लावताच भुरभुरली. पोलाद टिकते, पण चामडे, फायबर आणि लाकूड आधी जाते, आणि आमचे निम्मे काम त्यांच्यासाठीच असते. ती भुकटी मी टाकून दिली नाही. लहान डबीत भरून, नोंद करून बंदुकीबरोबरच ठेवली.

बंदुकीबरोबर ७१ काडतुसांचे एक गोल मॅगझिनही होते आणि ते तिच्यात नीट बसत नव्हते. निकामी करताना काही वाकले असेल असे मला आधी वाटले. पण मॅगझिनच्या पाठीवर क्रमांक होता आणि तो बंदुकीच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात ही गोल मॅगझिन ठरावीक बंदुकीला हाताने कानस मारून बसवली जात. एकाचे मॅगझिन दुसऱ्याला लागेलच असे नाही. मॅगझिन भरायलाही वेळ लागे, म्हणून १९४२ पासून ३५ काडतुसांचे साधे वक्र मॅगझिन आले.

स्टेन वाचायला सोपी असते. मॅगझिनच्या घरावर एम, एन किंवा एस हे अक्षर आणि पुढे अंक असा शिक्का असेल, तर तो ब्रिटनच्या मध्य, उत्तर किंवा दक्षिण भागातल्या कारखान्याचा गुप्त संकेत असतो. बाँबहल्ल्यात शत्रूला कारखाना सापडू नये म्हणून नाव न छापता हे संकेत वापरले. वेल्डिंगची शिवण नीट पाहिली तर कामगाराचा हात कुठे थांबला आणि कुठून पुन्हा सुरू झाला, तेही दिसते. मी पाहिलेल्या एका मार्क २ वर शिवणीच्या शेवटी थेंबाएवढा धातू साचून राहिला होता आणि तो घासायला कोणाला सवड झाली नव्हती.

बखरवाचक (धागाकर्ता)

जतनकार, गोल मॅगझिनच्या क्रमांकाविषयी आणखी विचारतो. जुळत नसलेले मॅगझिन आपण वेगळे ठेवले की बंदुकीबरोबरच राहू दिले?

जतनकार

बंदुकीबरोबरच राहू दिले. दोन्ही एकाच पेटाऱ्यातून आली होती, म्हणजे कोणत्या तरी कोठीत, कोणी तरी, केव्हा तरी ही जोडी लावली होती. क्रमांक जुळत नाहीत, हे नोंदपत्रात दोन्ही क्रमांकांसह लिहिले आहे. मॅगझिन बसवण्यासाठी त्याची कड घासून द्यावी, अशी सूचना मला झाली होती. मी ती मानली नाही. कडेवर जुन्या कानशीचे तिरके वळ अजून दिसतात आणि ते ज्या बंदुकीसाठी मारले गेले, ती दुसरीच आहे.